ग्रँट ‘नॉट डिस्कस्ड’ आली, आता काय करू?

पत्रात काय आहे: पत्र लिहिणारी ३७ वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. पुण्यात फिजिओथेरपी केली, मग अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी, आणि आता तिथल्याच एका सरकारी युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर म्हणून तिसरं वर्ष चालू आहे. तिचं काम अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये डायबेटिस होऊ नये म्हणून खाण्याच्या आणि चालण्याच्या सवयी बदलण्यावर, बायकांचे गट करून. पहिल्यांदाच एनआयएचच्या, म्हणजे आरोग्याच्या रिसर्चला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, मोठ्या ग्रँटसाठी, म्हणजे आर-ओ-वनसाठी अर्ज केला आणि तो ‘नॉट डिस्कस्ड’ म्हणून परत आला, समितीत चर्चा नाही, एकूण स्कोअरही नाही. युनिव्हर्सिटीने सुरुवातीला दिलेले पैसे अजून वर्ष-सव्वा वर्ष पुरतील. नवरा म्हणतो कंपनीत नोकरी बघ, वडील म्हणतात परत या. घरात दोन वर्षांची मुलगी. एका सीनियरने सांगितलं एनआयएचमधल्या प्रोग्राम ऑफिसरला फोन कर, पण तिला ते वशिला लावल्यासारखं वाटतं. ती विचारते: “मी या लायकीचीच नाही असं समजून थांबू का? की हल्ली जे विषय चालतात त्यावर एआयच्या मदतीने तीन-चार अर्ज भराभर टाकून बघू? आणि सगळं राजकारणावरच चाललं असेल तर एवढी मेहनत करायची कशाला?”

---

तू ताई म्हणून लिहिलंस म्हणून मीही एकेरीवरच येते. मी बरीच वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या ग्रँट ऑफिसमध्ये आहे, रिसर्च करणाऱ्यांचे अर्ज नियमात बसवून वेळेत पाठवणं हेच रोजचं काम, त्यामुळे ‘नॉट डिस्कस्ड’चा मेल आलेल्या दिवशी माणसाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय आणि त्यातली कितीतरी माणसं आज स्वतःची टीम चालवताना पण बघतेय. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, तसं खरंच आहे.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. तू हा निकाल बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागावा तसा घेतलायस. अभ्यास केला, पेपर दिला, नाव लिस्टमध्ये नाही, म्हणजे आपण कमी पडलो. आपण सगळे तसेच वाढलोय त्यामुळे हे डोक्यातून जात नाही, पण ग्रँटचं तसं नसतं गं. तिथे तुझी हुशारी तपासत नाहीत, सरकारच्या मर्यादित पैशात पुढची पाच वर्षं कोणतं काम विकत घ्यायचं ते ठरवतात, आणि ते ठरवणारी माणसं घाईत असतात.

नेमकं काय झालं असेल सांगते. तुझा अर्ज साधारण तीन रिव्ह्यूअरकडे गेला. ही पण तुझ्यासारखीच शिकवणारी, स्वतःचे अर्ज लिहिणारी माणसं, प्रत्येकाकडे असे बरेच अर्ज. त्यांनी १ ते ९ मध्ये मार्क दिले, १ म्हणजे सगळ्यात चांगला. मीटिंगमध्ये सगळ्या अर्जांवर बोलायला वेळच नसतो म्हणून या आधीच दिलेल्या मार्कांवरून खालचे साधारण अर्धे, कधी त्याहून जास्त, बाजूला काढतात. तुझा त्यात गेला. आणि जे वर राहतात त्यांनाही सगळ्यांना पैसे मिळत नाहीत, एनआयएचमध्ये कित्येक वर्षं साधारण पाचातल्या एकालाच होकार मिळत आलाय. म्हणजे चांगल्या दिवसांतसुद्धा पाचातल्या चौघांच्या हातात नकारच पडतो. हे चौघं बिनकामाचे असतात का?

आता राजकारणाचं. तू म्हणतेस त्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही कारण मलाही त्याचा त्रास झालाय. २०२५ मध्ये सरकारने चालू असलेल्या ग्रँट्स मध्येच थांबवल्या, विषय पटत नाहीत म्हणून, जूनमध्ये बोस्टनच्या फेडरल कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवलं, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी, खटला चालू असेपर्यंत तरी, पैसे थांबवायला मोकळीक दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इनडायरेक्ट कॉस्ट, म्हणजे ग्रँटसोबत युनिव्हर्सिटीला इमारती आणि कारभारासाठी मिळणारे पैसे, सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तेही कोर्टात अडकलं. त्यात आणखी एक गोष्ट झाली जी बातम्यांत कमी आली पण तुझ्यासारख्या नवीन माणसाला जास्त बाधली: बऱ्याच ग्रँट्सचे सगळ्या वर्षांचे पैसे पहिल्याच वर्षी एकरकमी द्यायला लागले. एकूण रक्कम तेवढीच, त्यातून एकेका ग्रँटला पाच वर्षांचे पैसे आत्ताच बाजूला काढले की नवीन लोकांना द्यायला उरतं किती? नोव्हेंबर २०२५ मध्ये हेही सांगितलं की एनआयएचच्या आतल्या वेगवेगळ्या इन्स्टिट्यूटनी ठरावीक पेलाइन, म्हणजे अमुक स्कोअरपर्यंतच्यांना पैसे अशी रेघ, वापरायची नाही, स्कोअर बघायचाच पण बाकीच्या गोष्टीही बघायच्या. त्यामुळे अमुक पर्सेंटाइल आला की पैसे नक्की, असं आता कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि ग्रँट थांबली म्हणून अभ्यासात स्वतःहून भाग घेतलेल्या माणसांना मध्येच सोडून देणं मला अजूनही फार वाईट वाटतं, विश्वास ठेवून आलेली असतात ती.

पण हे सगळं खरं धरलं तरी तुझा अर्ज त्यामुळे मागे पडला असं तू पाठवलेल्या कॉमेंट्सवरून दिसत नाही. तू कॉमेंट्स जोडल्यास ते फार बरं केलंस, कारण पत्रात तू लिहितेस की “आपल्या लोकांच्या आजाराची यांना पडलेली नाही” आणि कॉमेंट्समध्ये तिघांपैकी दोघांनी लिहिलंय की विषय महत्त्वाचा आहे. तू ते वाचलंच नाहीस बहुतेक, थेट वाईट वाक्यांवर गेलीस. सगळेच तसं करतात.

आणि पडलेली नाही हे तसंही बरोबर नाही. मसाला नावाचा अभ्यास तुला माहीतच असेल, दक्षिण आशियाई लोकांमध्ये हृदयविकार आणि डायबेटिस का जास्त ते बघायला २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत ९०६ लोक घेऊन सुरू झाला, पैसे एनआयएचच्याच हृदय-फुप्फुस-रक्तवाल्या इन्स्टिट्यूटचे. त्याच्याही आधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांची बाळं बघितली, आणि आपली बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं हे दाखवलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेच आशियाई लोकांची तपासणी बीएमआय २३ पासून करा असं २०१५ पासून सांगितलंय, बाकीच्यांना २५. एवढा भक्कम पाया असताना तू अर्जात पहिला अर्धा पॅरा ‘हा समाज दुर्लक्षित आहे’ यावर घालवलास. ते खोटं नाही, पण रिव्ह्यूअरला त्यातून काम काय करायचं ते कळत नाही. कमी वजनाच्या माणसाला डायबेटिस होतो आणि वजन कमी करा हा नेहमीचा सल्ला त्याला तसाच्या तसा लागू पडत नाही, मग काय करायचं, हा तुझा प्रश्न आहे आणि तो जबरदस्त आहे. तिथून सुरुवात कर. सरकारला न पटणारे शब्द लपवायचे म्हणून नाही, विज्ञान तिथे आहे म्हणून.

विषय बदलू नकोस असं मी म्हणते त्याचं कारण पण सांगते. सवयी बदलण्याच्या रिसर्चला सरकार पैसे देतं तेव्हा काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुझ्याच विषयातलं आहे. डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, २७ केंद्रं, ३,२३४ लोक, २००२ मध्ये निकाल आला: खाणं-चालणं बदललेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. गोळीपेक्षा सवय भारी पडली आणि हे सिद्ध करायला सरकारी पैसाच लागला, कारण चालण्याचं पेटंट कोणाला मिळत नाही मग कुठली कंपनी त्यावर एवढा खर्च करेल? पुढे त्यावरून देशभर वर्ग सुरू झाले आणि २०१८ पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वयस्कर लोकांचा सरकारी विमा, त्याचे पैसे देते. चेन्नईला हाच प्रश्न भारतीय लोकांवर बघितला तेव्हा, २००६ ला आलं ते, फायदा झाला पण २८.५ टक्केच. हा जो फरक आहे ना मधला, त्याच्यावर तू काम करतेयस. हे टाकून देऊन दुसऱ्याच कुठल्यातरी गाजत असलेल्या विषयावर लिहिलंस तर तिथे आधीपासून दहा वर्षं घासलेली माणसं बसलेली असतील आणि तुझ्याकडे दाखवायला एक पेपर नसेल.

भराभर अर्जांचं तर विसरच. २५ सप्टेंबर २०२५ पासून एका पीआयचे, म्हणजे मुख्य संशोधकाचे, वर्षाला सहाच अर्ज घेतात आणि बऱ्याच अंशी एआयने लिहिलेला अर्ज चालत नाही, नंतर उघडकीस आलं तर कारवाई होऊ शकते. भाषा तपासायला वापरणं वेगळं, पण तू जे म्हणतेयस ते तसं नाहीये. शिवाय सहाची मर्यादा नसती तरी मी नकोच म्हटलं असतं, एक आर-ओ-वन नीट लिहायला चार-सहा महिने जातात.

आता त्या फोनचं. तू लिहिलंयस, “मला मागच्या दाराने काही नको.” तुझा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला आणि तरीही सांगते की इथे तू चुकीच्या ठिकाणी अडून बसलीयस. आपल्याकडे सरकारी ऑफिसात ओळख काढून काम करून घेणारे आपण इतके बघितलेत की सरळ माणूस सरकारी माणसाला फोन करायलाच घाबरतो. पण एनआयएचमध्ये ही कामं मुद्दाम वेगळी ठेवलीत. समितीची मीटिंग चालवतो तो वेगळा अधिकारी, मार्क देणारे रिव्ह्यूअर वेगळे, आणि इन्स्टिट्यूटमध्ये तुझ्या विषयाचा कारभार बघणारा प्रोग्राम ऑफिसर वेगळा, त्याच्या हातात मार्क नाहीत. रिव्ह्यूअरशी तुझ्या अर्जाबद्दल बोलणं हा गुन्हाच समज, कधीही करायचं नाही, ओळखीचा असला तरी. प्रोग्राम ऑफिसरशी बोलणं मात्र त्याच्या नोकरीचा भाग आहे, समरी स्टेटमेंटच्या, म्हणजे तुला कॉमेंट्स ज्यात आल्या त्या कागदाच्या, पहिल्या पानावर वरतीच त्याचं नाव आणि नंबर छापलेला असतो, तो तू फोन करावास म्हणूनच. ज्यांना हे माहीत आहे ते फोन करतात आणि ज्यांना घरातून, डिपार्टमेंटमधून कोणी सांगितलं नाही ते करत नाहीत, आणि मग माहिती एकाच बाजूला साठते. मला या गोष्टीचा खरंच राग येतो कारण न करणाऱ्यांत बाहेरून आलेली मुलं-मुलीच जास्त असतात.

कॉमेंट्सकडे परत येते, कारण खरी दुरुस्ती तिथे आहे. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही करण्यासारख्या आहेत.

तिघांनीही लिहिलंय की पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, ३० बायका आणि त्यावरून पाच वर्षांच्या ट्रायलचा हिशोब मांडलाय. बरोबर बोलतायत ते. एवढ्या छोट्या पायलटमध्ये साखर किती कमी झाली यावरून मोठ्या अभ्यासाला किती माणसं लागतील ते काढायचं नसतं, तो आकडा फार डुगडुगता असतो. पायलट कशासाठी, तर लोक येतात का, टिकतात का, मध्येच का सोडतात, वर्ग ठरल्याप्रमाणे घेता येतो का, हे बघायला. तुझ्याकडे ही माहिती आहे, शेवटपर्यंत २६ टिकल्या असं तू मला पत्रात लिहिलंस, आणि अर्जात ते एका वाक्यात उरकलंस! उलटं करायला हवं होतं. साखरेतला अमुक एवढा फरक डॉक्टरांच्या दृष्टीने अर्थपूर्ण, हे आधीच्या मोठ्या अभ्यासांवरून घे आणि माणसं टिकतात हे तुझ्या पायलटवरून दाखव.

दुसरी, गटाची. एका गटात दहा बायका एकत्र बसतात, एकमेकींना ओळखायला लागतात, एक संध्याकाळी चालायला निघाली की बाकीच्या निघतात. तुझ्या प्रोग्रामचं बळ तेच आहे. पण त्यामुळेच स्टॅटिस्टिक्सच्या हिशोबात त्या दहा सुट्या व्यक्ती राहत नाहीत, त्यांचे निकाल एकमेकींसारखे व्हायला लागतात आणि मग माणसं जास्त लागतात, किती जास्त ते मोजावं लागतं. तू सुट्या धरून मोजलंस. एका रिव्ह्यूअरने फक्त यावरून काटेकोरपणाला वाईट मार्क दिलेत आणि मला तो कठोर वाटत नाही, वर्तनाच्या रिसर्चमध्ये ही चूक इतके लोक करतात की रिव्ह्यूअर तेच आधी शोधतात. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या पद्धतीत मार्क दोनच गोष्टींना आहेत, काम किती महत्त्वाचं आणि ते किती काटेकोर आणि जमण्यासारखं, माणसं आणि सोयी पुरेशा आहेत का एवढंच नुसतं नोंदवतात. म्हणजे दुसरा अर्धा भाग इथेच जातोय तुझा. तुमच्याकडे बायोस्टॅटिस्टिक्सचं डिपार्टमेंट आहे, तिथल्या माणसाला नावापुरता नको, पगारातला हिस्सा देऊन को-इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे सहसंशोधक, म्हणून घे, आणि अर्ज लिहायला सुरुवात करायच्या आधी घे.

तिसरी, फार मोठा पसारा. चार उद्दिष्टं आहेत, दोन कर. यावर जास्त बोलत नाही, तुलाही ते आतून माहीत असेल.

मग पर्याय काय. हाच अर्ज सुधारून पुन्हा पाठवता येतो, एकदाच, ३७ महिन्यांच्या आत, आणि त्यात एक पान तुला रिव्ह्यूअरना उत्तर द्यायला मिळतं. किंवा तोच विचार नवा अर्ज म्हणून पाठवता येतो, मग जुन्या कॉमेंट्सचा उल्लेख नाही. कॉमेंट्स दुरुस्त होण्यासारख्या असतील तर मी सुधारलेल्याच्या बाजूची, आणि तुझ्या आहेत. पण पुढच्या तारखेला लगेच नको. सुधारलेल्या आर-ओ-वनच्या तारखा मार्च, जुलै आणि नोव्हेंबरच्या ५ ला असतात, जी जवळची आहे ती सोड आणि त्याच्या नंतरची धर. मधल्या सात-आठ महिन्यांत हातात असलेल्या पैशातून आणखी दोन-तीन गट चालव, टिकण्याची माहिती पक्की कर. सोबतीला छोटे पैसे बघ, युनिव्हर्सिटीचे सीड फंड, अमेरिकन हार्ट असोसिएशन, अमेरिकन डायबेटिस असोसिएशन, एनआयएचची आर-ट्वेंटीवन ही छोटी ग्रँट पण आहे, दोन वर्षांत मिळून पावणेतीन लाख डॉलरपर्यंत, मात्र प्रत्येक इन्स्टिट्यूट ती घेत नाही, आणि तुझ्यासारखं काम गोळी-औषध नसलं तरी त्यांच्या व्याख्येत क्लिनिकल ट्रायलच धरतात, त्यामुळे ट्रायल चालत नाही अशा जाहिरातीत टाकलं तर न वाचताच परत येतं. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा, दरवर्षी कोणीतरी यात अडकतं. दुसऱ्या कोणाच्या मोठ्या ग्रँटमध्ये को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून थोडा पगार निघत असेल तर तोही घे, त्यात कमीपणा नाही.

ग्रीन कार्ड नाही म्हणून मागे पडले का, असंही तू विचारलंयस. नाही. आर-ओ-वनचा अर्जदार कागदोपत्री युनिव्हर्सिटी असते, पीआय कुठल्या देशाचा ते आड येत नाही. एनआयएचच्या नवख्या संशोधकांसाठीच्या ग्रँट्सपैकी एफ-थर्टीटू आणि के-ट्वेंटीथ्री यांना सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं, के-नाइन्टीनाइनला लागत नाही, हे पोस्टडॉक करणाऱ्या मुलांसाठी सांगून ठेवते.

आणि मुलगी झाल्यावर तू ते एक वर्ष मागून घेतलंस का? पीएचडी झाल्यापासून दहा वर्षं तू ‘अर्ली स्टेज’मध्ये धरली जातेस आणि त्याचा नव्या माणसाला निर्णयात फायदा मिळतो, बाळंतपणासाठी ही मुदत एक वर्षाने वाढवून मिळते, ई-आरए कॉमन्समधून, म्हणजे एनआयएचच्या ऑनलाइन अर्जांच्या साइटवरून, मागायची असते. पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतेय. टेन्युअरची, म्हणजे नोकरी कायम होण्याची, मुदतही वाढते का ते तुमच्या डीनच्या ऑफिसात विचार.

नवऱ्याचं आणि वडिलांचं. दोघंही तुझ्या काळजीपोटीच बोलतायत, आणि नवऱ्याचा मुद्दा पैशाचा आणि झोपेचा आहे, तो खोटा नाही. कंपनीत जाणं म्हणजे हरणं असं मी अजिबात मानत नाही, चांगलं काम करणारी माणसं तिथेही आहेत. फक्त एक व्यवहार आधी तपास: युनिव्हर्सिटीचा एच-वन-बी व्हिसा लॉटरीशिवाय मिळतो, कंपनीत जाताना, आधी कधी लॉटरीत नंबर लागलेला नसेल तर तिथे उभं राहावं लागतं, म्हणजे मनात आलं आणि गेलं असं होत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाशी आत्ताच बोलून ठेव, जायचं असो नसो. भारतात परत यायचं असेल तर तेही जरूर ये, पण ग्रँटच्या कटकटीतून सुटका म्हणून नको, कारण इथेही आयसीएमआर आणि डीबीटी या सरकारी संस्था, वेलकम ट्रस्टसोबतची इंडिया अलायन्स, सगळीकडे अर्ज, समित्या आणि वाट बघणं आहेच. परत येणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, तिची जाहिरात बघून ठेव आणि पुण्यात ज्या संस्थेत बसावंसं वाटतं तिथल्या माणसांशी आधीच बोलणं सुरू कर. तुझा प्रश्न साताऱ्यात सुद्धा तितकाच खरा आहे, त्यामुळे आलीस तरी विषय वाया जाणार नाही. पण यातला कुठलाच निर्णय या मेलच्या महिन्यात घेऊ नकोस. नवऱ्यासोबत बसून एक तारीख ठरवा, सुधारलेल्या अर्जाचे मार्क येतील ती धरा, आणि तोपर्यंत घरात रोज रोज हा विषय नको असं दोघांनी कबूल करा. त्या दिवशी आकडे समोर असतील, तेव्हा कंपनी की आणखी एक फेरी हे बोला.

पण आधी प्रोग्राम ऑफिसरला मेल. छोटी लिही. अर्जाचा नंबर, समरी स्टेटमेंट वाचलं, सुधारून पाठवायचा विचार आहे, अर्धा तास बोलता येईल का, आणि सोबत दोन उद्दिष्टांचं नवं एक पान. फोनवर रिव्ह्यूअर कसे चुकले ते सांगू नकोस, तीनच गोष्टी विचार: हा विषय तुमच्या इन्स्टिट्यूटला हवा आहे का की दुसरीकडे जास्त बसेल, कॉमेंट्समधलं तुम्हाला सगळ्यात गंभीर काय वाटतं, आणि सुधारून पाठवू की नवा अर्ज करू. ते बोलतील तेव्हा लिहून घे. आठवड्यात उत्तर आलं नाही तर परत मेल कर, हल्ली तिथली बरीच माणसं कमी झालीत आणि उरलेल्यांवर लोड आहे, त्यामुळे उशीर म्हणजे नकार नाही. त्यांनी दुसऱ्या इन्स्टिट्यूटचं नाव सुचवलं तर अर्ज तिकडे कसा वळवायचा ते मला विचार, त्याचं कव्हर लेटर नीट लिहावं लागतं, ते मी सांगेन.